अनोळखी विक्रेत्याला पैसे देण्याआधी: ऑनलाइन जुनी-नवी वस्तू घेणाऱ्यांसाठी

ओएलएक्सवरची सायकल, फेसबुक मार्केटप्लेसवरचा फ्रिज, इन्स्टाग्रामवरची साडी, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी पुढे ढकललेली लॅपटॉपची जाहिरात. असं काही घ्यायचं ठरलं की लोक भाव घासून करतात, फोटो मोठे करकरून बघतात, चार जणांना विचारतात. पैसे द्यायची वेळ आली की मात्र सगळा चौकसपणा संपतो. समोरच्याने क्यूआर पाठवला, स्कॅन केला, पिन टाकला, झालं. कोपऱ्यावरच्या वाण्याला देतो तसेच पैसे दिले जातात. पण वाणी उद्या सकाळी त्याच गल्ल्यावर बसलेला सापडतो. इथे उद्या तो नंबर लागेलच असं नाही.

यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं ते पैसे चटकन पोचावेत म्हणून. एखाद्या व्यक्तीला नेहमीसारखे पैसे पाठवताना वस्तू मिळेपर्यंत रक्कम मध्येच धरून ठेवायची सोय त्यात नाही. तुम्ही स्वतः पिन टाकून एखाद्या व्यक्तीच्या खात्यात पाठवलेले पैसे तुमची बँक आपल्या मनाने परत ओढू शकत नाही. एक तर घेणाऱ्याने कबूल व्हावं लागतं, नाहीतर प्रकरण तक्रारीवर आणि पोलिसांवर जातं. म्हणून ‘फोनपे चांगलं की गूगल पे’ हा प्रश्न मला बिनकामाचा वाटतो. दोन्हीकडचे पैसे एकाच वाटेने जातात. प्रश्न विचारायचा तो असा: माझ्या खात्यातून पैसे सुटतील त्या क्षणी वस्तू कुठे असेल?

पायरी १: उत्तरावरून मार्ग ठरवा

वस्तू तुमच्या हातात किंवा डोळ्यांसमोर असेल तर यूपीआय उत्तम. रोखही चालेल.

वस्तू दुसऱ्या गावी असेल आणि विक्रेता म्हणजे एखादं दुकान असेल, तर पैसा मध्ये कुणाच्या तरी ताब्यात थांबेल असा मार्ग हवा: ज्या संकेतस्थळावर वस्तू दिसली तिथलंच पेमेंट, क्रेडिट कार्ड किंवा घरी आल्यावर पैसे.

वस्तू दुसऱ्या गावी आणि विक्रेता एक अनोळखी व्यक्ती, फक्त एक मोबाइल नंबर, अशी स्थिती असेल तर बुडाली तरी झोप उडणार नाही एवढीच रक्कम पाठवा. माझं विचाराल तर तेवढीही पाठवू नका. त्या गावात कुणी नातेवाईक, मित्र, जुना सहकारी असेल तर त्याला बघायला पाठवा. महाराष्ट्रात असं गाव क्वचितच सापडेल जिथे आपल्या ओळखीच्याच्या ओळखीचं कुणीच नाही.

पायरी २: खरेदीचं खातं वेगळं ठेवा

पगाराचं किंवा ठेवींचं खातं यूपीआयला जोडलेलं असेल तर ते सोडवा. दुसऱ्या बँकेत एक साधं बचत खातं उघडा, त्यात खर्चापुरते पैसे ठेवा आणि यूपीआय तेवढ्यालाच जोडा. गडबड झालीच तर नुकसानाला आपोआप मर्यादा पडते. बँकेच्या अ‍ॅपमध्ये रोजची मर्यादा कमी करायची सोय असेल तर तीही वापरा.

पायरी ३: समोरासमोर भेटा, आणि क्रम मोडू नका

वस्तू मोठी असेल तर विक्रेत्याच्या घरीच जा. फ्रिज बघायला गेलात की वॉचमन त्याला नावाने ओळखतो का, दारावर कुणाची पाटी आहे, फ्रिज चालू आहे की नुसता उभा केलाय, हे सगळं न विचारता कळतं. छोट्या वस्तूसाठी वर्दळीची जागा घ्या. मुंबईत लोक स्टेशनवर तिकीट खिडकीजवळ किंवा इंडिकेटरखाली भेटतात, तालुक्याच्या गावी एसटी स्टँडवर. बँकेची शाखा किंवा पोलीस चौकीचा परिसर सगळ्यात बरा. चौकीजवळ भेटू म्हटल्यावर समोरचा कुरकुरायला लागला तर सौदा तिथेच सोडा. रात्रीची वेळ आणि ‘गाडीत बसूनच बघू’ हे दोन्ही टाळा. सोबत कुणी असलं तर बरंच.

जुना मोबाइल घेताना काय काय होतं ते जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त घाई तिथेच होते. डायलरवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. स्क्रीनवर आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक येतो. तो बिलावरच्या आणि खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळवा. मग मेसेजमध्ये इंग्रजी मोठ्या अक्षरांत केवायएम लिहा, एक जागा सोडून तो पंधरा अंकी क्रमांक टाका आणि १४४२२ ला पाठवा. दूरसंचार विभागाच्या यंत्रणेकडून उत्तर येतं. फोन काळ्या यादीत आहे, क्रमांक बनावट आहे किंवा आधीच दुसरीकडे वापरात आहे असं आलं तर फोन परत द्या आणि घरी जा. हीच तपासणी संचार साथी अ‍ॅपवरही होते.

क्रमांक ठीक निघाला तरी पैसे अजून द्यायचे नाहीत. विक्रेत्याला त्याचं गूगल किंवा अ‍ॅपलचं खातं तुमच्यासमोर काढायला लावा, फोन पूर्ण रिसेट करायला लावा आणि नव्याने सुरू होऊन तुमच्या खात्याने आत जाईपर्यंत थांबा. यात पंधरा-वीस मिनिटं जातात. विक्रेता घड्याळ बघेल, ‘पासवर्ड घरी गेल्यावर मेसेज करतो’ म्हणेल. तो पासवर्ड आला नाही तर तुमच्या हातात फक्त काचेचा तुकडा राहतो. त्याला चहा पाजा, पण थांबवा.

आता पैसे. रक्कम स्वतःच्या हाताने टाका. नाव वाचा, मोठ्याने विचारा, ‘हे तुमचंच नाव ना?’ पिन टाका. पैसे पोचले हे विक्रेत्याने त्याच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये बघायचं. तुमच्या स्क्रीनवरच्या हिरव्या खुणेवर त्याने विश्वास ठेवावा असा आग्रह धरू नका. खोट्या पावत्या दाखवणारी बनावट अ‍ॅप्स निघाल्यापासून विक्रेतेही सावध झालेत, आणि ते बरोबरच आहे.

कधी कधी व्यवहार मध्येच लटकतो. तुमच्या खात्यातून रक्कम कमी झालेली असते, त्याच्याकडे पोचलेली नसते. अशा वेळी दुसऱ्यांदा पाठवू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार व्यक्ती-व्यक्तींमधला असा अडकलेला यूपीआय व्यवहार दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप उलटायला हवा, आणि त्याहून उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. विक्रेत्याला हे समजावून सांगा आणि वस्तू त्याच्याकडेच राहू द्या. दोघांनाही घाई असेल तर रोखीने उरका आणि अडकलेल्या रकमेची अ‍ॅपमध्ये तक्रार नोंदवा. मात्र रोख देण्याआधी त्याच्या चॅटवर लिहून घ्या की यूपीआयची रक्कम नंतर जमा झाली तर परत करीन.

निघण्यापूर्वी चॅटवर एक ओळ: कुठली वस्तू, आयएमईआय, किती रुपये, कुणाकडून, आज मिळाली. त्याच्याकडून ‘हो, पैसे मिळाले’ एवढं येऊ द्या.

पायरी ४: स्क्रीनवरचं नाव नीट वाचा

३० जून २०२५ पासून यूपीआय अ‍ॅपला पैसे जाण्याआधी समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नाव दाखवावं लागतं. पूर्वी माणूस स्वतःच ठेवलेलं नाव किंवा तुमच्या फोनमध्ये सेव्ह केलेलं नाव दिसायचं, त्यामुळे कुणीही काहीही बनून बसायचा. एनईएफटी आणि आरटीजीएस, म्हणजे बँकेतून थेट दुसऱ्याच्या खात्यात पैसे पाठवतानाही आता खातेदाराचं नाव आधी पडताळता येतं. ही सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यायची होती. यूपीआय आयडीतला ‘अ‍ॅट’च्या खुणेआधीचा भाग मात्र माणूस स्वतः निवडू शकतो. तिथे ‘रिफंड’ किंवा एखाद्या कंपनीचं नाव दिसलं म्हणून ती कंपनी होत नाही.

नाव जुळलं म्हणजे माणूस सरळ, असंही नाही. फसवणारे बहुधा स्वतःचं खातं वापरतच नाहीत. चार पैसे देऊन दुसऱ्याचं खातं भाड्याने घेतात, आणि त्यात सापडतो तो बिचारा खातेदार. त्यामुळे ‘माझं यूपीआय बंद आहे, भावाच्या नंबरवर टाका’ हे वाक्य ऐकलं की हात आखडता घ्या. जाहिरात एकाच्या नावाने, फोन दुसऱ्याचा, खातं तिसऱ्याचं, अशा ठिकाणी मी दहा रुपयेही पाठवणार नाही.

आणि हे घरातल्या आई-वडिलांनाही एकदा बसून सांगा: पैसे घ्यायला पिन लागत नाही. क्यूआर स्कॅन केला की पैसे जातात, येत नाहीत. तुम्ही विकणारे असाल आणि गिऱ्हाईक म्हणालं, ‘मी पाठवलेला कोड स्कॅन करा, पैसे जमा होतील’, तर फोन ठेवून द्या. पूर्वी हीच फसवणूक पैसे मागणाऱ्या विनंतीतून चालायची. व्यक्तीने व्यक्तीला पाठवायच्या तशा विनंत्या यूपीआयवर १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केल्या आहेत. क्यूआर शिल्लक आहे, म्हणून डाव आता तिकडे सरकलाय.

पायरी ५: ‘फौजी’ विक्रेता ओळखा

हा प्रकार इतका जुना आणि इतका ठरीव आहे की संवाद तोंडपाठ व्हावा. जाहिरात: अ‍ॅक्टिव्हा, कमी चाललेली, बाजारभावाच्या निम्म्याला. तुम्ही मराठीत मेसेज करता, उत्तर हिंदीत येतं. ‘सर मैं सीआयएसएफ में हूँ, पुणे एअरपोर्ट पे पोस्टिंग थी, अब ट्रान्सफर हो गया, गाडी साथ नहीं ले जा सकता.’ विमानतळांवर सीआयएसएफ, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, असते हे खरंच आहे, त्यामुळे गोष्ट पटते. तुम्ही न मागताच ओळखपत्र येतं, कँटीन कार्ड येतं, गणवेशातला फोटो येतो. गाडी बघायला येतो म्हणालात तर ‘कँप के अंदर सिव्हिलियन अलाउड नहीं’. गाडी सैन्याच्या पार्सलने घरपोच येणार, आधी फक्त गेटपासचे पैसे. समजा २,१०० रुपये.

ते दिलेत की पार्सलची पावती येते, शिक्क्यांसकट. मग विम्याचे ५,१५०, ‘रिफंडेबल’. मग जीएसटी. मग ड्रायव्हर तुमच्या शहराच्या वेशीवर थांबलाय, उरलेले अर्धे टाका. प्रत्येक वेळी मागितलेली रक्कम आधी गेलेल्या पैशांहून जास्त असते, आणि इथे थांबलो तर आधीचे बुडतील या भीतीने माणूस पुढची देतो. थांबायची जागा पहिल्या मागणीची आहे. पहिले पैसे गेले असतील तर दुसऱ्या मागणीची.

ती ओळखपत्रं बऱ्याचदा खऱ्या माणसांची चोरलेली असतात, आणि त्यातली काही आधी फसलेल्या गिऱ्हाइकांनीच ‘व्हेरिफिकेशन’साठी पाठवलेली. आधारचा किंवा पॅनचा फोटो अनोळखी विक्रेत्याला पाठवू नका. पुढच्या बळीला दाखवायला तोच वापरला जातो.

पायरी ६: कुरिअरने येणाऱ्या वस्तूचे पैसे

पूर्वी पुस्तकं आणि औषधं व्हीपीने मागवायचे. पोस्टमन दारात, पैसे त्याच्या हातात, मग पार्सल आपल्या हातात. आजची कॅश ऑन डिलिव्हरी त्याच जातीची, आणि तिचा दोषही तोच: पैसे दिल्यावर खोकं उघडायचं. आत काय आहे याची जबाबदारी पार्सल आणणारा मुलगा घेत नाही, आणि त्याच्याशी भांडून उपयोगही नसतो.

इन्स्टाग्रामवर ९९९ रुपयांत ‘येवल्याची ओरिजिनल पैठणी’ दिसते. हातमागावर एक पैठणी विणायला विणकराचे कित्येक दिवस, कधी महिने जातात; ९९९ मध्ये त्याची मजुरीही निघणार नाही. तेव्हा अशी जाहिरात बघून पेमेंटचा मार्ग शोधण्यात अर्थ नाही. भाव पटण्यासारखा असेल तर पुढचं बघा. पानावर दुकानाचा पत्ता आहे का? तो पत्ता नकाशावर दुकानच दाखवतो का? जीएसटी क्रमांक असेल तर जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकून पाहा, दुकानाचं नोंदलेलं नाव येतं. विक्रेता व्हिडिओ कॉलवर तीच साडी उलगडून दाखवायला तयार आहे का? छोटे खरे विक्रेते हे आनंदाने करतात. आणि खाली कमेंट बंद करून ठेवल्या असतील तर का केल्या असतील याचा विचार करा.

अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्टसारख्या ठिकाणी दिसलेली वस्तू तिथेच पैसे भरून घ्या. ‘बाहेर डायरेक्ट दिलेत तर पाचशे कमी’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. ते पाचशे म्हणजे परतीच्या हक्काची किंमत आहे. महाग वस्तूला डिलिव्हरीच्या वेळी खोकं उघडून दाखवायची सोय असेल तर तीच निवडा.

अनोळखी संकेतस्थळावर पैसे भरायचेच असतील तर क्रेडिट कार्ड वापरा, डेबिट नको. क्रेडिट कार्डावर गेलेले पैसे आधी बँकेचे असतात, आणि वस्तू आली नाही किंवा भलतीच आली तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतो. त्यासाठी ऑर्डरची पावती, विक्रेत्याशी झालेलं बोलणं, कबूल केलेली तारीख, आलेल्या वस्तूचा फोटो हे सगळं लागतं. मुदत असते, म्हणून ‘पुढच्या आठवड्यात बघू’ करू नका. डेबिट कार्डावरही वाद नोंदवता येतो, पण तोवर पैसे तुमच्या खात्यातून गेलेले असतात. पत्त्याच्या रकान्यातल्या कुलपाच्या चित्राने दिलासा मिळवू नका. चोराच्या संकेतस्थळालाही ते कुलूप लागतं.

पार्सल आलं की लेबल दिसेल असा फोटो काढा आणि उघडताना सलग व्हिडिओ घ्या, लेबलापासून वस्तूपर्यंत, मध्ये न थांबवता. तक्रार करताना पहिलं हेच मागतात.

पायरी ७: मोठी रक्कम, म्हणजे बहुतेक वेळा गाडी

टोकन म्हणून हजार-दोन हजार ठीक, तेही गाडी आणि आरसी (गाडीच्या नोंदणीचा दाखला) दोन्ही समोर पाहिल्यावर. परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणी, विमा, कर्जाचा बोजा यांची माहिती दिसते. थकलेली चलनंही बघा, ती नंतर तुमच्याच डोक्यावर बसतात.

उरलेली रक्कम मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतील त्या बैठकीत, आरसीवर ज्याचं नाव त्याच्याच खात्यात. गाडीवर कर्ज असेल तर सगळे पैसे विक्रेत्याला देऊ नका. दोघं मिळून कर्जाच्या शाखेत जा, थकबाकीएवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरा, बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि ना हरकत दाखला मिळण्याची व्यवस्था तिथेच लावा, उरलेले विक्रेत्याला. तो ‘मी फेडतो नंतर’ म्हणाला तर सौदा मोडा.

व्यक्ती-व्यक्तींमधल्या यूपीआयला साधारणपणे दिवसाला १ लाखाची मर्यादा आहे, तेव्हा मोठी रक्कम आयएमपीएस, एनईएफटी किंवा २ लाखांपासून पुढे आरटीजीएसने जाते. आदल्या दिवशीच त्याला लाभार्थी म्हणून जोडून ठेवा, कारण नव्या लाभार्थीला काही तास मोठी रक्कम पाठवता येत नाही, आणि ऐन वेळी हे लक्षात आलं की माणूस नको त्या तडजोडी करतो. एका सौद्यात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची बंदी आहे. दंड घेणाऱ्याला होतो, तरी पुरावा नसल्याचा तोटा तुमचा.

पायरी ८: पैसे गेलेच तर

सगळ्यात आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन. विक्रेत्याला शिव्या घालणारा मेसेज नंतर. खरं तर तो पाठवूच नका, सावध होऊन तो पैसे पुढे सरकवेल. १९३० वर सांगायला हे हाताशी ठेवा: व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक, तारीख-वेळ, रक्कम, तुमची बँक, त्याचा यूपीआय आयडी आणि फोन नंबर. तक्रार नोंदली की ती पैसे ज्या बँकेत गेले तिथे जाते आणि खात्यात शिल्लक असलेली रक्कम गोठवता येते. पैसे तिथून पुढे गेले असतील तर पुढच्या बँकेकडे. चोर ते पाच-सहा खात्यांतून फिरवून एटीएममधून काढण्याआधी हे घडायला हवं, म्हणून मिनिटं मोजायची. लाज वाटून सकाळपर्यंत थांबलेल्यांच्या हाती फारसं काही लागत नाही. पाठोपाठ सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तपशील भरा, बँकेला लेखी कळवा आणि पोच घ्या. चॅट पुसू नका, नंबर ब्लॉक करण्याआधी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा.

बँकेत एक गैरसमज घेऊन जाऊ नका. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये ग्राहकाची जबाबदारी मर्यादित केली ती तुमच्या संमतीविना झालेल्या व्यवहारांसाठी, म्हणजे तिऱ्हाइताने घुसखोरी केली आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं अशा वेळी. स्वतः पिन टाकून फसलात तर बँक त्या नियमाकडे बोट दाखवून हात वर करते. तक्रारीची दखलच घेतली नाही किंवा ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तिथे शुल्क नाही.

दुकानाने फसवलं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मात्र घरातली जुनी वस्तू एकदाच विकणारा माणूस ग्राहक कायद्यात ‘व्यापारी’ ठरत नाही, त्यामुळे त्याच्याबाबत पोलिसांचाच रस्ता. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, जुन्या ४२० च्या जागी.

तक्रार केल्यावर काही दिवसांनी आणखी एक फोन येऊ शकतो. ‘तुमचे पैसे सापडले, सोडवायला प्रोसेसिंग फी भरा.’ हा त्याच टोळीचा किंवा तिच्या भाऊबंदांचा माणूस असतो, फसलेल्यांच्या याद्या त्यांच्यात फिरतात. बँकेचा किंवा एखाद्या कंपनीचा कस्टमर केअर नंबर गूगलवर शोधलात तरी तेच होऊ शकतं. नंबर कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचा घ्या. पैसे परत मिळवून देण्यासाठी १९३० वाले, पोलीस किंवा बँक एक रुपयाही मागत नाहीत, आणि एनीडेस्कसारखं स्क्रीन दाखवणारं अ‍ॅपही टाकायला लावत नाहीत.